नवरंग, नाल्याकाठचं काटवन आणि नागपूरचा जुना हिशोब



मागच्या आठवड्यात जेसीबी सांगून ठेवला होता. तो आला, धुऱ्यापर्यंत उतरला आणि मी त्याला परत पाठवला. येण्या-जाण्याचे पैसे द्यावे लागले ते वेगळेच. दोन-तीन जणांनी विचारलं, "काहून परत पाठवला जी?" त्याचं उत्तर दोन ओळींत बसत नाही, म्हणून ही नोंद. थोडी लांब झाली आहे. पाऊस लागून बसला की निवांत वाचा.

आमचं शेत खाप्याच्या शिवारात. आपल्याकडची ओळख सगळ्यांना माहीतच आहे: कोष्ट्यांचे माग, गुमगावची मॅंगनीजची खाण, संत्रा, पऱ्हाटी आणि उत्तरेला सातपुड्याच्या खालच्या टेकड्या. कन्हान नदी त्याच सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून उतरून खाप्याजवळून पुढे जाते. तिला मिळणारा एक नाला आमच्या शेताच्या खालच्या अंगाने जातो. नाल्याच्या काठाने साधारण अर्ध्या एकराचा पट्टा पडीक आहे. पळस, बोराटी, हिवर, करंजाची दोन मोठी झाडं आणि त्यांच्या खाली माजलेला रायमुनिया. जमिनीवर वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. पाय टाकला की घोटा बुडतो.

हा पट्टा साफ करून संत्रा लावायचा असं दादाच्या आणि माझ्या बोलण्यात दोन वर्षांपासून होतं. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी शंभर-एकशे दहा झाडं बसतात. म्हणजे अर्ध्या एकरात पन्नासेक झाडं. आजच्या दिवसात पन्नास झाडं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. माझाही नकार नव्हता.

रोहिणी सरत आली होती. पहाटे मोटर चालू करायला गेलो तर काटवनातून शीळ आली. दोन सुरांची, मोठी, स्वच्छ. पहिला सूर वर चढतो आणि दुसरा झपकन खाली येतो. कोणीतरी माणूस दुसऱ्याला लांबून हाक मारतो आहे असं वाटावं. आमचे जुने सालदार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते मागून येत होते. म्हणाले, "आला पाय तुया पाव्हना. आता पानी लांब नाही."

नवरंग आला होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आकार साळुंकीपेक्षा लहान, अंग गुबगुबीत, पाय लांब आणि शेपूट इतकी आखूड की कोणी कापून टाकली की काय असं वाटतं. पाठ हिरवी, पोट पिवळट-तांबूस, शेपटीखाली लालभडक, खांद्यावर आणि शेपटीच्या वर चमकदार निळा, डोळ्यावरून जाणारा जाड काळा पट्टा, त्याच्या वर पांढरी रेघ, गळा पांढरा. उडाला की पंखावर पांढरा ठिपका चमकतो. नऊ रंग मोजायचे म्हटले तर भरतात. एवढे रंग असूनही तो दिसत मात्र नाही. कारण तो झाडाच्या शेंड्यावर मिरवत नाही, सावलीत जमिनीवर राहतो. टुणटुण उड्या मारत पाचोळा उलटत जातो आणि खालचे किडे, अळ्या, वाळवी, मुंग्या उचलतो. गांडूळही सोडत नाही. ऐकायला रोज येतो, दिसतो महिन्यातून एखाद वेळ.

त्याचा वर्षाचा फेरा आपल्या खरिपासारखाच आहे. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मे संपता संपता, जून लागता लागता उत्तरेकडे सरकतो आणि मध्य भारताच्या जंगलात, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, पावसाळ्यात घरटं करतो. आपल्याकडे घरट्याचा मुख्य काळ जून-जुलै. घरटं म्हणजे वाळलेल्या पानांचा आणि गवताचा एक मोठा गोळा, बाजूला गोल दार. जमिनीवर नाहीतर खालच्या फांदीच्या बेचक्यात. दुरून पाहिलं तर वाऱ्याने पाचोळा अडकला आहे असंच वाटतं. अंडी चार-पाच, पांढरी चकचकीत, त्यावर गडद तांबडे-जांभळे ठिपके. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत दक्षिणेला. आपण पेरतो तेव्हा तो येतो, सोयाबीन काढतो तेव्हा तो जातो. प्रवासात रात्री उडताना थकून कधी कधी शहरातल्या घरात, गॅलरीतसुद्धा पडलेला सापडतो.

आता याच्या नावाची गंमत पाहा. १७६६ साली स्वीडनच्या लिनियसने याला शास्त्रीय नाव दिलं ते कॉर्वस ब्रॅकियुरस, म्हणजे आखूड शेपटीचा कावळा! एवढ्या रंगीत पाखराला कावळ्यांच्या खात्यात टाकलं. पुढे त्याचं स्वतंत्र कुळ ठरलं आणि त्या कुळाला नाव मिळालं पिट्टा. हा शब्द आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेतला आहे. तेलुगूत पिट्टा म्हणजे लहान पाखरू. जगभरात या घराण्याच्या चाळीसेक जाती आहेत, बहुतेक आग्नेय आशियातल्या ओल्या जंगलांत राहणाऱ्या. पण सगळ्यांचं शास्त्रीय घराणं तेलुगू शब्दाने ओळखलं जातं. तमिळमध्ये याला सहा वाजताचं पाखरू म्हणतात, कारण सकाळी आणि संध्याकाळी त्या सुमाराला तो शीळ घालतो. शास्त्रज्ञ त्याला गाणाऱ्या पक्ष्यांच्या मुख्य घराण्यात धरत नाहीत. त्याची शीळ शिकलेली नसते, जन्मजात असते. पण मामांसारख्यांना त्याने काही फरक पडत नाही. त्यांना ती पावसाची वर्दी आहे.

तर त्या सकाळी शीळ ऐकली आणि मला जुनी एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाबा होते तेव्हाची गोष्ट. नाल्यालगतच्या तुकड्यात हुमणी फार झाली होती. कोणीतरी सांगितलं, दाणेदार टाका. फोरेट. तेव्हा सर्रास मिळायचं. संध्याकाळी हाताने फेकलं, हातमोजे वगैरे काही नाही. वासाने माझं डोकं रात्रभर दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकड्यात दोन साळुंक्या आणि एक नवरंग मरून पडलेले. नवरंग मी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिला तो असा. उलटा पडलेला, पोटाखालचा लाल रंग वर आलेला. पोस्टमॉर्टम कोणी केलं नाही. पण जमिनीतले किडे वेचणारं पाखरू आणि आदल्या संध्याकाळी जमिनीवर टाकलेलं विष, हिशोब कळायला फार शिकावं लागत नाही. बाबा काही बोलले नाहीत. फावडं आणून खड्डा केला, तिघांना पुरलं. राहिलेली पिशवी त्यांनी घरात आणली नाही. फोरेटवर आता बंदी आहे, २०२० च्या शेवटापासून. आमच्या शेतातून ते त्याआधीच गेलं होतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. हे पाखरू शेताला उपयोगी आहे की नाही, हे कोणी कधी मोजलं होतं का? की आपणच उगाच हळहळतो? उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो, आणि पाहतो तर त्यातला एक धागा आपल्या नागपुरातून जातो.

सुरुवात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमपासून करतो. शाळेत आपण त्याचं नाव १८८५ च्या काँग्रेस स्थापनेत शिकलो. पण हा माणूस १८७१ पासून सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचा सचिव होता आणि त्याच वेळी देशातला सगळ्यात मोठा पक्षीअभ्यासक. देशभरातले अधिकारी त्याला पत्रांनी घरट्यांची, अंड्यांची माहिती पाठवायचे. त्यावरून त्याने भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर मोठा ग्रंथ काढला. १८७९ साली त्याने भारतातल्या शेतीच्या सुधारणेवरही पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारशी न पटल्याने त्याला सचिवपदावरून जावं लागलं. शेती आणि पाखरं, दोन्ही एकाच टेबलावर असणारा हा माणूस. पण त्याच्या कामात दोन्ही खाती वेगळीच राहिली. पुढे त्याची पक्ष्यांवरची हस्तलिखितं घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. वर्षानुवर्षांच्या नोंदी पुड्या बांधायला गेल्या. त्यानंतर त्याने आपला सगळा पक्षीसंग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला आणि हा विषयच सोडला.

दोन्ही खाती एकत्र आली ती पुढच्या शतकात. १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे शेती संशोधन संस्था सुरू झाली. तीच पुढे दिल्लीला गेली आणि आज आपण तिला आयएआरआय म्हणतो. तिथे कीटकशास्त्राचा प्रमुख होता हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. भारतातल्या किडींवरची त्याची पुस्तकं, १९०६ चं आणि १९०९ चं, पुढे कित्येक वर्षं या विषयातली पायाभूत मानली गेली. त्याला आणि त्याचा सहकारी मेसन याला हाच प्रश्न पडला होता: शेतातली पाखरं नेमकी खातात काय?

यावर उपाय त्यांनी सरळ केला. पाखरं मारायची, पोट फाडायचं आणि आतले तुकडे भिंगाखाली मोजायचे. अळीचं डोकं, भुंग्याचं पंख-कवच, टोळाची तंगडी, गवताचं बी, पिकाचा दाणा. आजच्या नजरेला हे क्रूर वाटेल, आणि आज वन्यजीव कायद्याने असं कोणालाही करता येणार नाही. पण पद्धत समजून घ्या, कारण ती शेतकऱ्याच्या डोक्याची आहे. किडे तीन ढिगांत वाटायचे: पिकाला नुकसान करणारे, पिकाच्या फायद्याचे आणि ना नफा ना तोटा. मग प्रत्येक पाखराचा ताळेबंद. यातून १९१२ साली भारतातल्या पक्ष्यांच्या अन्नावरचा मोठा अहवाल छापला गेला. भारतात असं काम तोवर झालं नव्हतं.

या कामातून कळतं ते हे की कोणतंही पाखरू शेतकऱ्याचा मित्र किंवा शत्रू म्हणून जन्माला येत नाही. एकच पाखरू पेरणीत दाणा खातं आणि पिलं झाली की त्यांना दिवसभर अळ्या भरवतं. हिशोब महिन्यागणिक बदलतो. म्हणून नोंदी बारा महिन्यांच्या हव्या. आणि पुसा म्हणजे गंगेकाठचा सपाट मुलूख. तिथला हिशोब आपल्या काळ्या मातीला, पऱ्हाटीला आणि सातपुड्याच्या जंगलाला जसाच्या तसा लागू करता येत नव्हता.

इथे नागपूर येतं. आपला अजब बंगला. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. लहानपणी आपण सगळेच तिथे भुसा भरलेला वाघ पाहायला गेलो आहोत. त्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता ई. ए. डी'अब्रू. १९१९ साली पुसाला देशभरातल्या कीटकतज्ज्ञांची तिसरी सभा भरली. त्या सभेच्या अहवालात या नागपूरच्या माणसाचा लेख आहे, विषय: मध्य प्रांतातल्या पक्ष्यांचं कीटकांचं भक्ष्य. म्हणजे आपल्या मुलखातली पाखरं कोणते किडे खातात याची यादी, शंभर वर्षांपूर्वी, आपल्या नागपुरातून. पुढे १९३५ साली याच डी'अब्रूने मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. आपल्या भागातल्या पाखरांवर काम करणाऱ्याला आजही ती यादी उघडावी लागते.

मला हे कळलं तेव्हा खरं सांगतो, थोडी लाज वाटली. अजब बंगल्यात मी कितीदा गेलो असेन. वाघ पाहिला, जुनी नाणी पाहिली, शिलालेख पाहिले. त्याच इमारतीत बसून कोणीतरी माझ्या धुऱ्यावरच्या पाखराचं ताट मोजत होतं, हे कोणी सांगितलं नाही.

मग हे काम थांबलं का? एकदम थांबलं नाही. सालिम अलींनी १९३० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की शेतीच्या दृष्टीने पक्ष्यांचा अभ्यास देशाने गंभीरपणे करायला हवा. आयसीएआरने असा देशव्यापी प्रकल्प सुरू केला तो १९८२ साली. मधल्या काळात शेतीने वेगळा रस्ता धरला होता.

त्या रस्त्याची सुरुवात आठवली की लेफ्रॉयचा शेवट आठवतो. भारत सोडून तो लंडनला प्राध्यापक झाला. पाखरांच्या पोटातले किडे मोजणारा हा माणूस पुढे किडे मारणाऱ्या विषारी वायूंचे प्रयोग करू लागला. १९२५ च्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेतच त्या वायूने त्याला गाठलं आणि तो मेला. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरला डीडीटीची कीडनाशक ताकद सापडली, १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. त्यानंतर पाखराचं पोट फाडून मोजत बसायला वेळ कोणाला होता? पंप पाठीवर घ्या, दांडा हलवा, संध्याकाळी किडे खाली. काम फटाफट होत होतं, आणि उपाशी देशाला पिकाची गरजही होती. मी त्या पिढीला दोष देत नाही. आमच्या बाबांची पिढी तीच.

पण बिल मागाहून आलं. डीडीटी शेतीतून १९८९ साली बंद झालं. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. आणि २०१७ चा पावसाळा विदर्भात कोण विसरेल? यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-मजूर गेले. लंडनच्या प्रयोगशाळेत १९२५ साली जे एका शास्त्रज्ञाचं झालं, तेच ९२ वर्षांनी आपल्या पऱ्हाटीच्या ओळीत झालं. त्या वर्षीपासून मामा फवारणीचा पंप उचलत नाहीत, आणि आम्ही त्यांना सांगतही नाही.

म्हणून मी काय सांगतो आहे? नवरंग आला की कीड गेली, असं? अजिबात नाही. कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांच्यासमोर अशी थाप चालणार नाही. नवरंग जमिनीवरचा गडी आहे. संत्र्यावरची कोळशी तो काढणार नाही, पानं पोखरणारी अळीही नाही, डिंक्याशी त्याचा संबंध नाही. बोंडअळीला तर नाहीच. तो पाचोळ्याखालचं आवरतो, तेही काटवनात आणि काटवनाला लागून. झाडावरचं काम शिंपी, वटवट्या, निखार करतात, उघड्या वावरातलं कोतवाल आणि बगळे. प्रत्येकाचा वाटा थोडा. पण ही सगळी टोळी मुक्कामाला राहते ती त्या अर्ध्या एकराच्या पडीक पट्ट्यात. नवरंग फक्त त्यातला सर्वात लाजरा. तो राहिला आहे म्हणजे बाकीचे आहेतच, असं मी धरतो.

दादाला हे सगळं सांगितलं. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, हिशोबाचा पक्का. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ठीक आहे. घरटं असन तर आता हात लावू नको, पाप कोण घेईन. पन थे पाखरू ऑक्टोबरात जाते म्हनतोस ना? मंग दिवाळीनंतर जेसीबी बोलावू. तवा तं तिथं कोनीच नसन."

मंडळी, याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. आणि हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

नवरंगाची अडचण अशी की त्याच्याबद्दलचे निर्णय होतात तेव्हा तो साक्षीला नसतो. इंग्रज अधिकाऱ्यांचे दौरे हिवाळ्यातले, तंबू पडायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तो श्रीलंकेत. आजही महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून शासनाने २०२० पासून हा आठवडा ठरवला. चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी आपल्या विदर्भाच्या जंगलात केली, नवेगाव-नागझिऱ्यात वर्षं काढली आणि पाखरांची मराठी नावं गोळा करून पक्षिकोश केला. त्यांच्यासारख्या माणसाच्या नावाने आठवडा पाळावा हे योग्यच आहे. पण त्या आठवड्यात कॅमेरे घेऊन आलेल्यांना खाप्याच्या रानात नवरंग भेटत नाही. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत, तेव्हाही तो नाही. आणि तो असतो तेव्हा, जून ते सप्टेंबर, चिखल, पाऊस, डास, वाटा बंद. तेव्हा त्या काटवनाजवळ रोज सकाळ-संध्याकाळ कोण असतं?

आपण. डवरणीला, निंदणाला, मोटर पाहायला, जनावरांना चारा आणायला. नवरंगाचे चार महिने पाहणारा माणूस शेतकरीच. ह्यूमला पत्रं लिहिणारे साहेब गेले, डी'अब्रू गेला. त्यांनी जे लिहिलं ते राहिलं. मामांना पन्नास वर्षांचं माहीत आहे, पण ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्या मामा नसतील तेव्हा ती माहिती ह्यूमच्या रद्दीसारखीच जाईल, फक्त चोर कोणी नसेल.

म्हणून दादाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "दादा, आपला सालदार दिवाळीला गावी गेला म्हणून आपण त्याची खोली पाडतो का?" दादा हसला, पण हो म्हणाला नाही. शेवटी ठरलं ते असं. या वर्षी पट्ट्याला हात लावायचा नाही. रायमुनिया मात्र एका बाजूने थोडा थोडा हाताने कापायचा, घरट्याचा हंगाम संपल्यावर, कारण तो बाहेरून आलेला आहे आणि पळसाच्या रोपांना दाबतो. मी वर्षभर वही ठेवायची. कोणतं पाखरू, कोणत्या महिन्यात, बागेत काय उचलताना दिसलं. लालगत दोन ओळी संत्र्याच्या आणि लांबच्या दोन ओळी, दोन्हींतली कीड दर पंधरा दिवसांनी मोजायची. पुढच्या वर्षी दादा वही पाहील आणि मग बोलू. वहीत काही फरक दिसला नाही तर मला पन्नास झाडांचं ऐकावं लागेल, हेही कबूल केलं आहे. लेफ्रॉय आणि मेसनने पोटं फाडून मोजलं, आपण पानं उलटून मोजू.

माझ्यासारखं कोणाला करायचं असेल तर तीन गोष्टी. एक, घरट्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. नवरंग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि माणसाच्या पायवाटेने कुत्रा आणि मुंगूस घरट्यापर्यंत पोचतात. दोन, पट्ट्यालगतच्या दोन ओळींत जून ते ऑगस्ट दाणेदार विष जमिनीवर टाकू नका. तिथे हुमणी झालीच तर वळवाच्या पावसानंतर बोर-कडुनिंबावर संध्याकाळी जमणारे भुंगेरे झाडं हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. जुना उपाय आहे, सगळ्या गावाने मिळून केला तरच लागू पडतो. तीन, पहिली शीळ ज्या दिवशी ऐकाल ती तारीख लिहून ठेवा. गाव, नाला, झाडं काय होती, एवढं पुरे. मोवाड, सावनेर, पारशिवनी, रामटेक, सौंसर, कुठलेही असा. मला कळवलंत तर एका कागदावर मांडून ठेवीन.

माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे:

६ जून. पहाट. पहिली शीळ. करंजाच्या बाजूने. मामांनी आधी ऐकली.

११ जून. जेसीबी परत. दादा नाराज.

१५ जून. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन शिळा, एक नाल्याच्या पलीकडून. म्हणजे जोडी नाहीतर शेजारी.

१९ जून. पहिला दमदार पाऊस. पाचोळ्यावर नवरंग दिसला, चोचीत वाळलेलं पान. खाऊ नव्हे, पान. लांबूनच परत फिरलो.